रकाना अकरावा

कोर्चाच्या कोर्टात मी टायपिस्ट. सव्वीस वर्षं.
लोक येतात, बोलतात, शपथेवर रडतात,
मी बोटांनी ऐकते.

आज खुर्च्या बदलल्यात.
साक्षीदाराच्या जागी न्यायाधीश थानास कोत्सी,
समोर तिरानाहून आलेले तिघे.
त्यातली एक बाई इतकी तरुण, की
साहेबांनी पहिला निकाल दिला तेव्हा ती दुपट्यात असेल.

सारांदाचा फ्लॅट, समुद्राकडे तोंड असलेला?
"सासऱ्यांनी दिला."
सासरे काय करायचे?
"मधमाश्या पाळायचे."
किती पेट्या होत्या?
साहेब टायची गाठ सैल करतात.
"आठवत नाही."

दुपारपर्यंत चौदा वेळा, आठवत नाही.
व्हरांड्यात शिपाई जोर्जी सफरचंद कापता कापता म्हणाला,
"बघ पोलिक्सेनी, सव्वा लाखाची मूठ उघडली.
आत नुसता मध!"
सगळे हसले. मीही हसले.

आणि मला राकिप आठवला.
ग्रामोझच्या उतारावरचा मेंढपाळ,
अंगाला ओल्या लोकरीचा वास,
चुलतभावाशी कुरणाचा खटला, सात वर्षं रेंगाळलेला.
कुंपण कोणत्या तारखेला तोडलं?
"बर्फ वितळत होतं, साहेब. मेंढ्या नुकत्या व्याल्या होत्या."
तारीख.
"तारीख आठवत नाही..."
तेव्हा ह्याच साहेबांनी, ह्याच आवाजात
सुनावलं होतं: कायद्यापुढे विसरभोळेपणा चालत नाही.

कुरण गेलं.
राकिप व्हरांड्यात टोपी उलटसुलट करत उभा राहिला,
जणू अस्तरात कुठेतरी
तारीख शिवून ठेवली होती.

संध्याकाळी ती तरुण बाई माझ्याही टेबलावर एक फॉर्म ठेवते.
"सगळ्यांनाच आहे, बाई. शिपायापासून."
घर: दोन खोल्या, भाड्याच्या.
जमीन: नाही.
बँकेत: सांगण्यासारखं काही नाही, तरी आकडा लिहिते.
रकाना अकरावा. मिळालेल्या भेटवस्तू.

मुलीची छाती भरलेली असायची त्या हिवाळ्यात.
राकिपचा चुलतभाऊ एक शेगडी घेऊन आला होता,
"पडूनच होती घरी," म्हणाला.
मी काही मागितलं नव्हतं. त्यानंही नाही.

दुसऱ्या दिवशी राकिप बोलत होता,
"तारीख आठवत नाही, पण
नवरूझची आदली रात्र होती,
आम्ही तेक्केसाठी दूध तापवत होतो."
नवरूझची आदली रात्र! कुठल्याही कॅलेंडरात सापडली असती.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
नुसतं पाहिलं.
बोटं "नाही"वर थांबली,
आणि मी पूर्णविराम दिला.

माझ्या सव्वीस वर्षांतला सगळ्यात महाग पूर्णविराम.
एका शेगडीला विकलेला.
ती अजून चालते. मुलगी जगली, आता तिलाही मुलगी आहे.
हे रकान्यात कुठे बसवायचं?

कोर्ट रिकामं झालंय. जोर्जी किल्ल्या वाजवतोय.
मी लिहिते: शेगडी, लोखंडी, एक नग.
मग पान उलटते,
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर
राकिपचं राहिलेलं अर्धं वाक्य
हातानं लिहून काढते, दुधासकट.

खाली सही करताना हात थरथरतो.
टाइप करताना
कधी थरथरला नव्हता.