ताशी दीडशे

मे महिन्यातल्या गुरुवारी, सकाळी सव्वासातला
त्सिरिलने पोळ्याच्या एका घरात काडेपेटीची काडी खुपसली.
बाहेर काढली तेव्हा टोकाला तपकिरी तार आली,
शेंबडासारखी, तुटता तुटेना.
फोनवर तो एवढंच म्हणाला, काडीला तार आली.
चौदा वर्षं मी या दरीतल्या मधपाळ संघाची चिटणीस आहे.
पुढचं मला कळलं.

पेट्या उघडू नका, चौकटी कुणाला देऊ नका,
दुसऱ्याची हत्यारं वापरू नका, निरीक्षक येतोय.
चार ओळी. सहाशे अकरा सभासद.
साडेसातला बटण दाबलं. गेलं.

कुठे गेलं?
एकशे एक्कावन्नाव्यापासून सगळी पत्रं परत आली.
रांगेत थांबली असती तरी चाललं असतं,
पण ही दारातूनच फिरली,
कपाळावर शिक्का घेऊन : मर्यादा संपली.

मारिबोरहून होस्टिंगवाल्या गोराझ्दने समजावलं,
आवाज तरुण, तोंडात न्याहारीचा घास :
बाई, वर्षाला छत्तीस युरोत घर मिळत नाही,
खाट मिळते.
त्याच सर्व्हरवर तुमच्याशेजारी एक दंतवैद्य आहे,
स्की शिकवणारे दोघे भाऊ, एक बुटांचं दुकान.
बाहेरच्या जगाला सगळ्यांचा पत्ता एकच.
हिवाळ्यात बुटवाल्याचा पासवर्ड चोरीला गेला,
एका रात्रीत चाळीस हजार पत्रं सुटली,
टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची,
आणि नऊ दिवस दंतवैद्याचं साधं वेळापत्रकही
कुणी उंबऱ्याच्या आत घेईना.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणून ही वेसण.
तासाला दीडशे. पुढच्या तासाला पुन्हा दीडशे.

मी म्हटलं, मधमाशी तास पाळत नाही.
तो म्हणाला, मधमाशीतलं मला काही कळत नाही.
प्रामाणिक मुलगा.

साडेआठपर्यंत हाताला काम नव्हतं.
कागदावर मांडलं :
दीडशे, तीनशे, साडेचारशे, सहाशे,
वर अकरा, साडेअकराच्या खेपेला.
ते अकरा कोण म्हणून यादीच्या तळाशी गेले
तर सगळे झ.
आमच्या वर्णमालेतलं शेवटचं अक्षर,
डोक्यावर इवलंसं छप्पर घेऊन सगळ्यांच्या मागे उभं.
आणि अगदी शेवटी, आल्बिन झ्वोकेल.
त्याच्या पेट्या त्सिरिलच्या कुंपणापासून आठशे पावलांवर.
फोन लावला. वाजत राहिला.
या वेळी तो पेट्यांपाशी असतो, हातमोज्यांत.

सहलीची, वर्गणीची पत्रं रात्रभर सावकाश जायची,
मी झोपलेली असायचे.
झ पर्यंत कधी पोचतात, कोण बघतंय?
स्वस्तातली साखर आली त्या वर्षी
आल्बिन हातगाडी घेऊन आला तेव्हा
गोदामात रिकामी पोती होती.
आम्ही हसलो होतो. मीही.

आणि यादीत पहिली मी. आंब्रोझिच.
सात एकतीसला माझंच पत्र मला मिळालं होतं,
माझीच बातमी मला सांगत.
दीडशेतली एक जागा.

मग भिंतीवरचा नकाशा काढला,
मधाच्या बरणीचं झाकण त्सिरिलच्या घरावर ठेवलं
आणि पेन्सिल फिरवली.
माशी उडते तेवढं वर्तुळ, अंदाजाने.
आत उरलेली एकोणचाळीस नावं.
ती वर घेतली. मग त्याच्याकडून राण्या विकत नेलेले.
मग नदीपलीकडचे.
ज्या गोष्टीला चौदा वर्षांत सवड झाली नाही
ती पाऊण तासात झाली.

साडेआठ. दीडशे गेली,
आल्बिन सगळ्यांच्या पुढे.
आठ चौतीसला त्याचं उत्तर आलं :
"दारं लावली. यादी बिघडली आहे का?"

उत्तर लिहायला घेतलं
आणि लक्षात आलं, हे एकशे एक्कावन्नावं.
साडेनऊला अजून छप्पन्न मिनिटं होती.
बसून राहिले,
काय लिहावं ते शोधत.