धावदोरा

मिस्टर फर्कस म्हणाले, टाका कच्चा घाल.
बाहीला नुसता धावदोरा, लांब लांब,
म्हणजे पोरींनी ओढलं
की अलगद हातात यायला हवी.
पक्की टीप असली तर खांदा निखळतो.
टुल्साला एका पोराचा निखळला होता.

मी थोरली बहीण. तांदळाच्या गिरणीत
पोत्यांची तोंडं शिवून हात बसलेला माझा.
उसवण्यासाठी शीव
असं म्हणून पैसे देणारा
हा पहिलाच माणूस.

घरी तो ओव्हिद.
ओव्हिद गिड्री, वय सतरा, क्रॉली, लुइझियाना.
आईशी फ्रेंचमध्ये भांडायचा,
आणि त्याच फ्रेंचपायी शाळेत
मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसलेला.
फर्कसनी नाव कापून नव्यानं बेतलं: ऑडी ग्रे.
पाकिटावर छापलं, आवडता पदार्थ ॲपल पाय.
आईनं ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं.
हा कोण, म्हणाली,
आणि माझ्या ओव्हिदचा शर्ट याच्या अंगात कसा?

एकोणसाठ साली एकशे बारा शर्ट.
मोजले होते, कारण शर्टामागे दीड डॉलर.
सूटकेस परत यायची तेव्हा आत
बिनहातांची धडं, नीट घडी घातलेली.
एकाच्या कॉलरला रक्त होतं.
कुणीतरी केसांची बट नेली होती, मुळासकट.

लग्न करायचं नाही, असं करारात होतं.
म्हणून व्हर्ना हॉटेलांच्या वहीत
मावसबहीण.
पाचव्या महिन्यात तिलाही मीच झगा शिवून दिला,
पुढून चुण्या, पोट लपेल असा.
सातव्यात, टेक्सारकानाच्या दवाखान्यात
मूल आलं आणि गेलं.
हा तेव्हा डेट्रॉइटला. तीन वन्स मोअर दिले त्या रात्री.
तार फर्कसच्या खिशात होती,
सकाळच्या अंड्यांबरोबर दिली.

जागं राहायला पिवळी गोळी, झोपायला लाल.
मधल्या वेळासाठी
कुठल्याच रंगाची नव्हती.

मग समुद्रापलीकडून नवे केस आले,
कपाळावर उतरलेले,
आणि तेल लावून मागे वळवलेला त्याचा तुरा
एका उन्हाळ्यात म्हातारा झाला.
त्यानं हिशेब मागितला. कागद आला, चार पानी.
गुलाबी गाडी, ऑडीच्या खात्यातून.
कंगवे, फुलं, पोलिसाला पाजलेली दारू, ऑडीच्या खात्यातून.
शर्ट चारशे तीस. शिलाई नऊ डॉलर नग,
घेणार: युलाली गिड्री.

तो कागद घेऊन माझ्या दारात आला.
मी माझी वही काढली, पेन्सिलीनं लिहिलेली.
त्यानं ती उघडलीसुद्धा नाही.
सात वर्षं बोलला नाही.
आईच्या मयतीला आला तेव्हा
पलीकडच्या बाकावर बसला,
गॉगल लावून.

त्र्याऐंशी साली तोच म्हणाला, एक शर्ट शिवशील?
तांदळाच्या जत्रेत, दुपारी तीनला,
डुकरांची बक्षिसं झाली की अर्धा तास.
छातीचं माप घेताना कळलं, श्वास रोखून उभा आहे.
बाहीला काय घालू, मी विचारलं.
काय म्हणजे? नेहमीचंच.

घडीच्या खुर्च्यांवर बायका होत्या,
माझ्या ओळखीच्या निम्म्या.
मांडीवर पोरं, पोरांच्या हातात कणसं.
तो मंचाच्या कडेपर्यंत आला, वाकला,
उजवा हात पुढे केला, पूर्वी करायचा तसा,
आणि ठेवला तसाच. गाण्याचं एक कडवं संपलं.
पहिल्या रांगेतली एक उठली.
तिनं त्याच्या हातात रुमाल दिला,
घाम पुसायला.

तंबूमागे तो खोक्यावर बसला.
दोन्ही बाह्या जागच्या जागी,
एक टाकासुद्धा हललेला नाही.
बराच वेळ मनगटाचं बटण फिरवत राहिला.
मग म्हणाला, युलाली,
पक्की टीप घातलीस ना तू?

हो रे, म्हटलं. सवयीनं.
विसरलेच बघ.

तरीच, म्हणाला तो.