अहवालात न लिहिलेलं

परत आल्यावर हविनाळे मॅडमनी अहवाल मागितला,
पाचशे शब्द, फोटो वेगळे जोडा.
मी रंगांवर लिहिलं.
नदीकाठच्या घरांचा कोमट पिवळा,
खिडक्यांच्या झडपांवरचा धुऊन धुऊन विटलेला निळा,
रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळणारा उजेड.
मॅडमनी समासात लिहिलं, निरीक्षण चांगलं.

चौदा जण होतो आम्ही, अकरा दिवस.
रेवणसिद्धच्या बॅगेतल्या कडक भाकऱ्या
विमानतळावर एका बाईंनी बोटाने टक्क वाजवून पाहिल्या
आणि हसून परत दिल्या.
तिथल्या कॉलेजला भेट म्हणून आम्ही चादर नेली होती,
मोराची, लाल-काळी.
त्यांनी ती भिंतीवर टांगली,
मागची बाजू पुढे करून.
कुणीच काही बोललं नाही.
खरं सांगायचं तर
वाईट दिसत नव्हती.

आणि मग तो गुरुवार, लियाँमधला.
टेकडीवरच्या अरुंद गल्लीत एक लहानसं संग्रहालय,
आत दोरीपलीकडे माग.
लाकडी, उंच, वर जकार्ड.
शिफा म्हणाली, अगं, हे तर तुमच्या घरचं!
सगळे माझ्याकडे वळले
आणि मी, कशी कोण जाणे,
पाहुण्यांसमोर बोलावल्यासारखी लाजले.

पांढऱ्या मिशांच्या एका माणसाने
तो पाच मिनिटं चालवून दाखवला.
मुलींनी कानांवर हात ठेवले.
मला जांभई आली.
लहानपणी मी याच आवाजात झोपायचे,
भद्रावती पेठेत, चार मागांच्या खोलीला लागून,
आणि रात्री वीज गेली की दचकून जागी व्हायचे.

काचेत एक पट्टी ठेवली होती, भोकाभोकांची.
खाली तीन भाषांत माहिती, साल,
हात लावू नये.
आमच्याकडे तसल्या पट्ट्यांनी
अम्मा लोणच्याच्या बरण्या झाकायची.
विड्या वळताना सूप डुगडुगू नये म्हणून
एक घडी करून खाली सारायची.
मी आणि भाऊ त्या उन्हात धरायचो,
फरशीवर ठिपके पडायचे,
तो म्हणायचा हा मोर,
मी म्हणायचे नाही, हा फक्त मोराचा पाय,
आख्खा मोर व्हायला खूप पट्ट्या लागतात.

मॅडम, हे मी लिहिलं नाही.
हेही नाही, की त्या चारांतला एक माग
मी जायच्या महिनाभर आधी गेला.
अक्कलकोट रोडचा भंगारवाला आला, काट्यावर घातला,
किलोवर भाव केला.
लाकडाचे वेगळे, लोखंडाचे वेगळे.
नान्ना म्हणाले, तसाही तो बंदच होता.
बंद नव्हता.
त्याच्यावर टॉवेल निघत होते.

दोरीपाशी उभी राहून मी हिशेब करत होते,
याचं वजन किती भरेल.
कला शिकायला आलेली मुलगी.
वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे,
कोपऱ्यात फक्त एक धोटा,
तोही नीट जमला नाही,
माझा हात उगाच थरथरत होता असं म्हणणार नाही,
पेन्सिल बोथट होती.

घरी आले तेव्हा नान्नांना फोटो दाखवले.
त्यांना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही,
मी उजवीकडे बसले.
चर्च, पूल, पुतळे त्यांनी भराभर सरकवले,
मागापाशी थांबले. बोटांनी मोठा केला.
वादी ढिली आहे याची, म्हणाले.
मग बराच वेळ बघत राहिले
आणि विचारलं,
"तो मिशीवाला दिवसभर विणतो,
ते कापड मग घेतं कोण?"

चौदा जण, अकरा दिवस, दोन शिक्षक.
आमच्यातल्या कुणीच हे विचारलं नव्हतं.
बघते, म्हणाले मी, मेल करून विचारते.
ते "हं" म्हणाले, चष्मा काढला
आणि उरलेल्या तिघांकडे गेले.