धूप

दर पाच दिवसांनी, सकाळी पावणेअकराच्या सुमारास
तो डोक्यावरून जातो. ऐकू येत नाही.
उम्म अल कुवैनच्या खाडीत तेव्हा बगळे एका पायावर,
आणि मी ऑफिसात पडदे ओढून
मागच्या फेरीचं चित्र उघडून बसलेली.

चित्रात तिवरांचं रान लाल दिसतं,
पाणी काळं, आणि सबखा –
आपल्याकडचं खाजणच म्हणा, पण कधीच न पिकलेलं –
सबखा पांढरट निळी, धरत आलेल्या खपलीसारखी.
हे रंग खोटे आहेत. आम्हीच दिलेले,
खरं दिसावं म्हणून.

एक चौकोन म्हणजे दहा मीटर.
त्यात खलफानचं अंगण मावतं, उलटी ठेवलेली होडी,
जाळी, शेळी,
शेळीमागे धावणारा खलफान.
सगळ्यांचा मिळून एकच रंग येतो.

अकरा वर्षांचे किनारे मी एकावर एक ठेवले:
लहान मुलानं गिरवलेल्या अक्षरासारख्या अकरा रेघा.
उत्तरेला बंधारा झाला त्या सालापासून
गिरवणं चुकत गेलंय.
बंधाऱ्याच्या त्या अंगाला वाळू पोटुशी,
या अंगाला नुसती कोर.
अहवालात लिहिलं: वर्षाला पाऊण मीटर,
चुकीच्या मर्यादेत.
म्हणजे गेलं असेल, किंवा नसेलही.

पडताळणीला गेले तेव्हा सोबत झेंडे, मातीच्या पिशव्या
आणि दाभोळचा हुसेन परकार,
ज्याला अरबी येतं आणि भरती कळते.
खलफाननं यंत्राकडे पाहिलं नाही.
दाराला पाठ लावून उभा राहिला, आणि चालू लागला,
वाहिद, इथ्नेन, मोठ्यानं मोजत.
एकोणिसाव्या पावलाला पाय भिजला.
"पोरीच्या लग्नात अठ्ठावीस होती म्हणतो," हुसेन म्हणाला,
"नऊ वर्षं झाली. भाताचे हंडे तिथे लावले होते."
तिथे एक खेकडा होता, कमरेएवढ्या पाण्याखाली.

नऊ पावलं.
मी मनात मांडून पाहिलं: एक चौकोनही भरत नाही.

खजुराच्या बुंध्याशी मी वीतभर खणलं.
माझं यंत्र आकडा शोधत होतं तोवर
त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकला,
आणि झाडाकडे असं पाहिलं
जसं आपण आजाऱ्याकडे त्याच्या देखत पाहत नाही.

आत कहवा झाला. सुनेनं निखाऱ्यावर ऊद टाकला,
धुरकांडं माझ्या ओढणीखाली फिरवलं.
"घ्या मॅडम, धूप घ्या," हुसेन म्हणाला.
तो धूप.
माझ्या वहीतल्या रकान्यातली, ती धूप.
हसू आलं, आणि कुणाला सांगता आलं नाही.

निघताना खलफाननं विचारलं,
तुमचा तो वरचा, पुन्हा कधी?
मी म्हटलं, मंगळवारी. पावणेअकरा.

मंगळवारी त्यानं माळ्यावरचं जुनं शीड काढलं,
बापाच्या वेळचं, पांढरं,
ओल्या वाळूवर पसरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले,
आणि वर बघत उभा राहिला. हे हुसेननं नंतर सांगितलं.

बुधवारी चित्र उतरलं.
त्या जागी एक चौकोन
शेजारच्यांपेक्षा उजळ. किंचित.
तीनदा तपासला. ढग नव्हता.
लाटेचा फेसही असू शकतो,
नवी वाळूही.

हुसेनला फोन लावला.
म्हटलं, सांग त्याला,
दिसलं.