सत्तावन्नावा डबा

छातीवरच्या कागदावर नाव माझं नाही.
प्रज्योतचं आहे. बहिणीचा मुलगा,
पैसे भरून बसला आणि आठवडाभर आधी
क्रिकेट खेळताना घोटा मुरगळून घेतला.
पैसे परत मिळत नाहीत म्हणाला.
मग मी म्हटलं, आण इकडे.

चार पिना. कॅनव्हासचे बूट, शेजारच्या पीटी टीचरचे.
सीपीएड मैदानावर पहाटे सहाला
धुकं असं, की पुढचा माणूस म्हणजे नुसती पाठ.
वडगावात मी बावीस वर्षं कांड्या भरते,
चार मागांच्या मधल्या बोळातून
दिवसाला किती चालते ते कुणी मोजलं नाही.
इथं प्रत्येक किलोमीटरला पाटी.

किल्ल्याच्या तळ्यापाशी दम लागला,
कॅम्पात बेकरीचा वास आला तेव्हा गेला.
काँग्रेस रोडला एक पोरगा मोबाईल धरून ओरडला,
"काकू, कुठं पळूलालासा?"
मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं.

पुढच्या पाटीवर आकडा कानडीतला. हदिनेळु.
पोटऱ्यांनी तो आधीच वाचला होता.

आणि तिसऱ्या गेटला घंटा वाजली.

दांडा खाली आला.
पुढचे गेले ते गेले. आम्ही मागचे,
वाफाळत, म्हशींसारखे उभे.
कुणी जागच्या जागी उड्या मारत राहिलं,
कुणी गेटमनला शिव्या दिल्या, दोन्ही भाषांत.
तो हिरवी झेंडी धरून,
त्याला फक्त गाडीची वेळ माहीत.

मालगाडी, लोंढ्याकडून.
आवाज आमच्या मागासारखाच, खटक खटक,
फक्त हा धोटा परत येत नाही.
मी डबे मोजले. सवय.
शेजारी एक म्हातारा, अनवाणी, घामानं पारदर्शक बनियन,
त्याचेही ओठ हलत होते.

गाडी गेली. मी म्हटलं, सत्तावन्न.
"अल्ल री," तो म्हणाला, "ऐवत्तारु."
गार्डाचा धरलात का?
"गार्डाचा कशाला? त्यात माल कुठं हाय?"
डबा तर आहे.
"माणूस माल न्हाई री."

गेट उघडलं. आम्ही भांडत पळालो.
नाव गंगप्पा, उद्यमबागेत लेथवर एकतीस वर्षं,
तिथं केसाएवढा फरक पडला तर
अख्खा जॉब भंगारात, हे त्यानं मला
आरपीडीच्या चौकापर्यंत ऐकवलं.
मी म्हटलं, आमच्यात एक धागा चुकला
तर साडी गिऱ्हाईक परत आणतं.
पाण्याच्या टेबलावर त्यानं माझा पेला भरून दिला
आणि पुन्हा म्हणाला, ऐवत्तारु.
गोवावेस येईपर्यंत मी अर्धा डबा सोडला.
त्यानं काहीच सोडलं नाही.

शेवटच्या कमानीपाशी माईकवाला
कागदावरचे नंबर बघून ओरडत होता,
"कमॉन प्रज्योत! शाब्बास प्रज्योत!"
लोकांनी पोरगा शोधला, सापडला नाही,
मग टाळ्या गंगप्पाला वाजवल्या.
त्यानं हात वर करून त्या घेतल्या.

वेळ प्रज्योतच्या मोबाईलवर आली.
तीन तास नऊ मिनिटं. तो हसला.
मी म्हटलं, त्यातली अकरा रेल्वेची.
पदक त्याला दिलं, पिना मी ठेवल्या.

रात्री अंथरुणावर पाय ठणकतात.
दूर गेटकडून शिट्टी ऐकू येते.
मोजायचं नाही, असं ठरवते,
आणि गार्डाचा डबा येईपर्यंत जागी राहते.