पाव आटा

"घाटात सेकंड टाकावा लागतो," गहिनीनाथ म्हणाला,
जसं कुणी सांगावं की घरात
आता आपल्याला कुणी विचारत नाही.

डिझेल गाडी. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर.
परळीहून अंबाजोगाईला चढताना
राखेच्या विटांचे टेम्पो तिला मागं टाकतात,
आणि साडूनं परवाच नवी घेतली.
खरं दुखणं साडूचं.

स्टिअरिंगखाली हात घालून मी कनेक्टर चाचपला,
लॅपटॉप जोडला.
मुनीर उस्ताद स्टुलावर बसून
चहात खारी बुडवत होते.
कान गेलेत त्यांचे,
तीस वर्षं पंपाच्या बाकावर.
आता पेचकसाचं टोक इंजिनाला लावतात
आणि मूठ जबड्याला.
हाडातून ऐकतात.

त्यांच्या काळी फाईल नव्हती.
पंपावर एक स्क्रू असायचा, शिशाचं सील लावलेला.
सील तोडायचं, पाव आटा फिरवायचा,
एक चक्कर मारून यायची,
मग सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून
काजळी अंगठ्यावर चोळायची.
कोरडी, पातळ असली तर जाऊ दे.
दाट आली तर पाव आटा मागं.
अर्धा त्यांनी कुणालाच दिला नाही,
सभापतीच्या जीपलासुद्धा.

मी बूस्ट वाढवला. डिझेल वाढवलं.
धुराला आवर घालणारा आकडा सैल सोडला.
पडद्यावरची रेघ अशी चढली
की वाटलं घाटच सपाट झाला.
"किती?"
"पंचवीस घोडे."
हसला. पंचवीस घोडे बांधायची दावण
त्या गाडीत नव्हती,
पण ते मी लगेच बोललो नाही,
पैसे यायचे होते.

उस्तादांनी पेचकस लावला, डोळे मिटले.
"देती, हौ," म्हणाले,
"लेती किसके घर से, वो पूछ उसकू."

मग सांगितलं मी, सांगायचं म्हणून:
क्लच जुन्या ताकदीच्या मापाचा आहे,
चौथ्यात एकदम दाबू नको.
घाट चढून आलास की दोन मिनिटं तशीच चालू ठेव,
टर्बो लाल असतो तेव्हा, चावी काढू नको.
ऑईल दहा हजाराला नाही, पाचला.
तो मान डोलवत होता.
पाय आधीच पेडलवर.

पहिला फोन त्याच रात्री. "उडती रे!"
साडू दुसऱ्या वळणावर मागं पडला होता.
दुसरा पोळा झाल्यावर:
इंजिन नुसतं वरडतंय, गाडी जागची हलंना.
क्लच बदलला. फाईल तीच ठेवायला लावली.
तिसऱ्यांदा फोन आलाच नाही,
गाडी आली, दोरीनं बांधलेली,
विटांच्याच टेम्पोमागं.

हेड उतरवलं.
तीन पिस्टन होते तसे.
चौथ्याच्या कपाळाला खड्डा, रुपयाएवढा,
कडा मेणासारख्या वितळून थांबलेल्या.
गॅस्केट पाण्याच्या वाटेवर फुटलेलं,
ऑईलचा रंग थेट चहाचा.
उस्तादांनी हातातला कप खाली ठेवला.

"पहिल्यासारखी करून दे," गहिनीनाथ म्हणाला,
गाडीकडं न बघता.
मी लॅपटॉप उघडला.
मूळ फाईल होती, त्याच्या नावानं, तारखेसह.
साडेचार मिनिटांत परत चढते.
पिस्टनची नव्हती.

तो पिस्टन उस्तादांनी डिझेलमध्येच धुतला.
आता काउंटरवर असतो,
पावत्या उडू नयेत म्हणून.
ताकद मागायला आलेली पोरं
बोलता बोलता तो उचलतात,
खड्ड्यात अंगठा घालून बघतात.
बरोबर बसतो.
"काय झालतं याला?"
मी सांगतो. पुरतं सांगतो आता.
काहीजण चहा पिऊन निघून जातात.
बाकीच्यांच्या गाडीखाली मी वाकतो,
कारण हप्ता लॅपटॉपचाही आहे,
आणि मागून उस्ताद, काही ऐकू न येता,
दोन बोटांत हवा धरून
अगदी एवढीशी
फिरवून दाखवतात.