मधला कान

लिएपायात रात्री वारा तारांना धरून बसतो.
स्वयंपाकघरात, बीटच्या सूपाशेजारी, माझा नोड चालतो:
बुटांच्या खोक्याएवढा, एक हिरवा दिवा, पंख्याची घरघर.
वेल्टा, माझी आई, त्याला भाडेकरू म्हणते.
भाडं देत नाही, वीज मात्र खातो.

हा जगभरच्या आठ जणांशी बोलतो, मी सांगते.
काय बोलतो?
कुणी कुणाला किती नाणी दिली.
मोठ्यानं?
आजवर मोठ्यानंच.
प्रत्येक निरोपाच्या आरंभी तीच चार अक्षरं,
दारात येऊन कुणी रोज एकाच सुरात खोकावं तशी.
वाटेवरच्या कुणालाही कळावं, कोण आलं.

ती बीट सोलत होती. बोटं लाल.
‘वही तर चव्हाट्यावर मांडलीय म्हणतेस.
मग लपवायचं काय?’

हाच प्रश्न मला पुष्कळ शहाण्या माणसांनी विचारलाय,
त्यामुळे उत्तर पाठ आहे.
वही उघडी आहे, आई.
पण एखादी ओळ पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली,
कुठल्या घरातून, किती वाजता,
ते वहीत नसतं. ते तारेवर असतं.

सुरी थांबली.
‘ते होय,’ ती म्हणाली.
‘शब्द आम्हीसुद्धा लिहून घेत नव्हतो.’

ती एक्स्चेंजमध्ये होती, सत्याहत्तर ते नव्वद, हे मला ठाऊक होतं.
तिचा निळा डगला ठाऊक होता, खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या.
तिसऱ्या मजल्यावरची खोली ठाऊक नव्हती.
तीन रकाने: कोणी. कोणाला. केव्हा.
‘एक मासेमार होता. रोज सव्वानऊला बायकोला फोन.
एका मंगळवारी सव्वानऊला त्यानं दुसराच नंबर मागितला.
मी लिहिलं.’
मग?
तिनं बीट पाण्यात सोडलं.
पाणी लगेच रंगलं.

मी कामाचंच बोलत राहिले. दुसरं काय बोलणार होते?
एक अर्धा आकडा मी पाठवते,
एक अर्धा होर्टाहून, समुद्राखालून, ओलाव्हो.
दोन्ही अर्धे उघड्या अंगानं जातात,
ऐकणारा दोन्ही ऐकतो
आणि त्याच्या हाती पुरतं काही लागत नाही.
पाठोपाठ आम्ही मुद्दाम थोडा कचरा धाडतो,
लांबीवरूनही कुणी ताडू नये म्हणून.
त्यापुढचं सगळं कचऱ्यासारखंच दिसतं.

वेल्टा ऐकत होती, मान तिरकी, डावा कान पुढे.
लहानपणापासून पाहत आलेली ही लकब
मला वाटायचं, तिला कमी ऐकू येतं म्हणून.

‘आणि मध्ये मीच बसले तर?
तुझ्याशी ओलाव्हो होऊन बोलले,
त्याच्याशी तू होऊन?
तुम्हा दोघांना वाटणार, दार लागलंय.
आणि खोलीत आपण तिघं.’

आमच्या प्रस्तावात हे वाक्य सतराव्या पानावर येतं.
ती एका बीटात पोचली.

म्हणून किल्ली, मी म्हटलं.
गेल्या शरदात रीगाला ओलाव्होनं ती हाती दिली,
बिअरच्या गोल पुठ्ठ्यावर, चौसष्ट अक्षरं,
दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेली.
आता माझा नोड विचारतो, तूच ना?
पण नाव घेत नाही.
जो तो नाही, त्याला कळतही नाही
कुणाविषयी विचारलं गेलं.
त्याचं उत्तर तेवढ्याच लांबीचं,
शेजाऱ्याला नकाराचाही पत्ता लागू नये इतकं.

‘हे आमच्या वेळी असतं,’ ती म्हणाली,
आणि वाक्य पुरं केलं नाही.

साडेअकराच्या पुढे जोडणी लागली.
तारेवरून जाणारं सगळं मी पडद्यावर उघडून दाखवलं.
तिनं चष्मा लावला, वाकली, बराच वेळ पाहत राहिली,
निवृत्त माणूस आपली जुनी खुर्ची पाहतो तशी.
‘नाही बाई. काहीच ओळखू येत नाही.’

मग बोट डाव्या रकान्यावर आलं.
तेवीस एक्केचाळीस.
तेवीस एक्केचाळीस.
तेवीस बेचाळीस.

‘केव्हा, ते मात्र दिसतं.’

हो, मी म्हटलं. ते अजून झाकता येत नाही.

काचेवर तिच्या बोटाचा लाल ठसा राहिला.